बंदरातील दहा तास : जहाजाचा थांबा आणि शहराची ओळख



ज्या शाळेच्या पडवीत मी बाराखडी गिरवली, त्या शाळेने गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला बोलवावे, याबद्दल मी संयोजकांचा मनःपूर्वक ऋणी आहे. या व्यासपीठावरून यापूर्वी संतवाङ्मय, शेती, सहकार, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. मी कोणत्याही शास्त्राचा अधिकारी नाही. नोकरीनिमित्त आयुष्यभर प्रवास केला आणि निवृत्तीनंतर हौसेने केला, एवढेच माझे भांडवल. गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत. नकाशातील ठिपक्यावर बोट ठेवून ते थांबत नसत. त्या ठिपक्यापर्यंत कसे जायचे, वाटेत कोणती नदी लागेल, गाडी कोठे बदलावी लागेल, हे ते आमच्याकडून वदवून घेत. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाला प्रवासाचा विषय अगदीच विजोड ठरणार नाही, या विश्वासाने मी तो निवडला आहे.

विषय असा : समुद्रप्रवासात जहाज एखाद्या बंदराला दिवसभर लागते, त्या आठ-दहा तासांत तेथील शहर साध्या बसने, आगगाडीने, तरीने कसे पाहता येते, आणि तसे का पाहावे. डोंगराच्या कुशीतील बेळगुंदीला जहाजाशी काय कर्तव्य, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु थोडे मागे वळून पाहिले, तर हा विषय आपल्या दाराशीच येऊन थांबलेला आढळेल.

आपले बंदर कोणते?

बेळगाव शहरात आजही एका रस्त्याला रामघाट रोड म्हणतात. तो रस्ता सह्याद्री उतरून कोकणात जाणाऱ्या जुन्या वाटेची आठवण आहे. वेंगुर्ले हे एके काळी बेळगावचे बंदर होते. छावणीचे सामान आगबोटीने वेंगुर्ल्यास उतरे आणि बैलगाड्यांतून घाट चढून वर येई. पुढे रामघाटाऐवजी आंबोलीचा घाटरस्ता वापरात आला. नंतर १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, मुरगाव येथे बंदर बांधण्याचे ठरले आणि तेथून दूधसागराच्या घाटातून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली. १८८८ साली ती वाट खुली झाली. देशावरचा माल लोंढ्यावरून थेट मुरगावला जाऊ लागला आणि वेंगुर्ल्याची बरीचशी वर्दळ ओसरली. बंदराचे दैव त्याच्यामागच्या रस्त्यावर आणि रुळांवर कसे अवलंबून असते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला सापडणार नाही.

कोकण किनाऱ्याने मुंबई ते गोवा जाणाऱ्या आगबोटी आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असतील. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती बोट पणजीला पोहोचे. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. प्रवाशांना पडावात उतरून किनारा गाठावा लागे. त्या बोटीचा प्रवासी चाकरमानी होता, गणपतीला घरी निघालेला होता. बंदरावर उतरल्यावर त्याची वाट पाहणारी बैलगाडी किंवा एस. टी. असे. बोट आणि बस ही एकाच प्रवासाची दोन अंगे होती.

मुंबईत तर हे नाते अधिकच घट्ट होते. बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला लागूनच रेल्वेचे स्थानक होते. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेहून बोट आली की त्या धक्क्यावरूनच सुटे आणि पेशावरपर्यंत जाई. साहेबाला शहराचा वाराही न लागता थेट डब्यात बसवण्याची ती सोय होती. साहेब गेले, ते स्थानकही राहिले नाही. पण जहाजातून उतरलेल्या पाहुण्याला शहराचा वारा लागू न देण्याची ती रीत मात्र आजच्या पर्यटनाने नव्या रूपात पुन्हा आणली आहे.

काचेमागचे शहर

आज ज्याला क्रूझ म्हणतात तो प्रवास असा असतो. जहाज म्हणजे एक तरंगते गावच. रात्री ते चालते आणि सकाळी एखाद्या बंदरात उभे राहते. हजार-दोन हजार माणसे एकदम खाली उतरतात. धक्क्यावर वातानुकूलित बसगाड्यांची रांग उभी असते. त्या गाड्या एका देवळापाशी किंवा चर्चपाशी, एका किनाऱ्यावर आणि एका मोठ्या दुकानापाशी थांबतात. जेवायला जहाजावर परत. संध्याकाळी भोंगा होतो, आणि ते शहर आपण ‘पाहिले’ असे ठरते.

या व्यवस्थेत वाईट असे काही नाही. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांच्याबरोबर लहान मुले आहेत, त्यांना ती हवीच. परंतु या सफरीत त्या शहरातील एकाही माणसाशी आपले बोलणे होत नाही. वाटाड्या बोलतो; पण ते पाठ केलेले बोलणे असते. शहरातील माणसे कामाला कशी जातात, बाजार कोठून भरतो, शाळा सुटल्यावर मुले कोणत्या गाडीने घरी जातात, यांपैकी काहीच काचेतून दिसत नाही. आणि आपण खर्च केलेला पैसाही बहुधा ठरलेल्या दोन-चार दारांतच जातो. तरीच्या धक्क्यावरच्या चहावाल्यापर्यंत तो पोहोचत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या मुलांच्या आग्रहावरून मी आणि माझी पत्नी मुंबईहून निघणाऱ्या एका जहाजाने गेलो. मुरगाव आणि कोची असे दोन थांबे होते. दोन्ही ठिकाणी आम्ही सहलीची गाडी न घेता सार्वजनिक वाहनाने फिरण्याचे ठरविले. काटकसर हे त्याचे एक कारण होते, हे मी लपवीत नाही. पण मुख्य कारण कुतूहल हेच.

मुरगाव ते दिवाडी

जहाज सकाळी आठ वाजता मुरगावच्या धक्क्याला लागले. संध्याकाळी साडेपाचपर्यंत जहाजावर परतायचे होते. बंदराच्या आवारात पायी फिरण्याची मुभा नसते, म्हणून फाटकापर्यंत बंदराच्या गाडीने आलो. फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा पडला. त्यांचे पोट त्यावर आहे. त्यांना नमस्कार करून आम्ही पुढे झालो आणि वास्कोकडे जाणारी लहान बस धरली. वास्कोच्या बसस्थानकावर पणजीची कदंब महामंडळाची गाडी उभी होती. तिला शटल म्हणतात. तिकीट खिडकीवर आधीच काढायचे, आसने भरली की गाडी निघते आणि वाटेत थांबत नाही. त्यामुळे वेळेचा अंदाज चुकत नाही. जहाजाच्या प्रवाशाला नेमके हेच हवे असते.

गाडी कुठ्ठाळीहून झुआरीच्या पुलावर आली. या जागी पूर्वी तर चालत असे. पहिला पूल १९८३ साली झाला. त्याशेजारचा दोरखंडांनी तोललेला नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात वाहतुकीस खुला होऊ लागला. पुलावरून ज्या नदीमुखात आमचे जहाज उभे होते ते दूरवर दिसत होते. वाटाड्याच्या माहितीवाचूनही मुरगाव हे नैसर्गिक बंदर का, हे त्या क्षणी ध्यानात आले : नदीचे रुंद मुख आणि दक्षिणेकडून समुद्रात घुसलेले भूशिर. गुरुजींनी फळ्यावर काढलेली आकृतीच जणू खाली पसरली होती.

माझ्या शेजारी एक बाई मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आमचे बोलणे ऐकून तिने माझ्या पत्नीला विचारले, “अक्का, तुमी बेळगावकडचं काय वो?” बेळगुंदी म्हणताच तिचा चेहरा खुलला. ती खानापूरकडची, वास्कोत राहून भाजीचा व्यवसाय करणारी. बेळगावची भाजी रात्री चोर्ल्याच्या घाटाने कशी उतरते, पहाटे कोणत्या बाजारात तिची वाटणी होते, पावसाळ्यात घाट बंद पडला की गोव्यातल्या स्वयंपाकघरांत दर कसे चढतात, हे सर्व तिने वीस मिनिटांत सांगितले. आपल्या शिवारातील कोबी आणि मिरची कोठे जाते हे आपण ऐकून असतो. पण ती ज्यांच्या ताटात जाते त्या गावाच्या बसमध्ये बसून ते ऐकण्यात वेगळाच अर्थ आहे. सहलीच्या गाडीत ही बाई आम्हांला भेटली नसती.

आता त्या बसच्या नावाविषयी. गोव्याचे हे वाहतूक महामंडळ १९८० साली स्थापन झाले आणि त्याला कदंब राजवंशाचे नाव देण्यात आले. विद्यार्थी मित्रांनो, हे कदंब परके नव्हेत. गोव्याच्या कदंबांची एक राजधानी आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी येथे होती. तेथील भूवराह-नृसिंहाचे बाराव्या शतकातील मंदिर अजून उभे आहे. म्हणजे घाटावरची हलशी आणि समुद्रकाठचा गोवा एका छत्राखाली होते. आज त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. बसच्या पाटीवर मात्र ते जुने नाते रोज धावते आहे.

पणजीच्या स्थानकावर गाडी बदलून आम्ही जुने गोवे गाठले. वाटेत पणजी ते रायबंदर हा मांडवीकाठचा लांबलचक बांध लागतो. तो सतराव्या शतकात, १६३३-३४ च्या सुमारास बांधला गेला आणि अजून वाहतूक वाहतो आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूचे चर्च आणि सेचे कॅथेड्रल पाहिले. सहलीच्या गाड्या तेथे आधीच आलेल्या होत्या. आमच्या जहाजावरील मंडळींना ठरावीक वेळ मिळाला होता, म्हणून ती घाईत होती. आम्ही तेथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरून नदीवर गेलो. पूर्वी बोटीने येणारा प्रत्येक पोर्तुगीज राज्यपाल याच कमानीतून शहरात शिरत असे. आम्ही उलट दिशेने, तिच्यातून बाहेर पडून, दिवाडी बेटाच्या तरीत चढलो.

ही तर गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची. आम्हां पायी प्रवाशांना तिकीट पडले नाही. दुचाकी, मासळीची टोपली, शाळेची मुले, एक पाद्री आणि आम्ही दोघे असा जमाव होता. सात-आठ मिनिटांत पलीकडचा काठ आला. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पणजीचा पूल कोसळला, तेव्हा गोव्याचे दोन भाग अशाच तरींनी जोडून धरले होते, अशी आठवण तरीवरच्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितली. पूल आले तरी तर का ठेवावी, याचे उत्तर त्यांच्या त्या एका आठवणीत होते.

दिवाडी हे सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान. कदंब राजे आपल्या बिरुदावलीत याच सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख अभिमानाने करीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी येथील मंदिर पाडले. देव नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे गेला. १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नार्व्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, आणि अलीकडे, २०२३ साली, गोवा सरकारने त्याचे पुन्हा जतन केले. मुरगावच्या फाटकातून निघून आम्ही जणू एकाच सूत्रामागून आलो होतो : कदंबांच्या नावाची बस, तिच्यामागे कदंबांची नदी आणि नदीपलीकडे कदंबांच्या देवाचे बेट. हे सूत्र कोणा सहल-कंपनीने आखलेले नव्हते.

बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला जाणारी आणखी एक तर आहे. मनात फार होते. घड्याळ पाहिले, साडेबारा वाजून गेले होते. बेट ओलांडायचे, तरीची वाट पाहायची, दर्शन घेऊन तसेच परतायचे, म्हणजे जहाज गाठणे दैवावर सोडण्यासारखे झाले असते. आम्ही नार्व्याच्या दिशेने हात जोडले, पिएदाद गावच्या टेकडीवर चढून चहूकडची भातखाचरे आणि मांडवी पाहिली, एका लहान खाणावळीत मासळी-भात खाल्ला आणि दोनच्या सुमारास परतीची तर धरली. पावणेपाचला आम्ही मुरगावच्या फाटकात होतो. दोघांचा वाहनखर्च दिवसभरात साडेतीनशे रुपयांच्या वर गेला नाही.

लिपी न कळणाऱ्या शहरात

गोव्यात भाषेची अडचण नव्हती. कोचीत ती होती, आणि म्हणूनच तो थांबा मला अधिक शिकवून गेला.

कोचीत जहाज विलिंग्डन बेटाला लागते. हे बेट निसर्गाने दिलेले नाही. १९२० च्या दशकात आणि त्यानंतर रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदराची खाडी खोल करण्यात आली आणि उपसलेल्या गाळाची भर घालून ही जमीन तयार झाली. बेटावरून राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी सुटतात. त्या खाडीत बोट ही चैनीची वस्तू नसून बसच आहे : कचेरीचे लोक, परिचारिका, महाविद्यालयीन मुले तिच्यातूनच ये-जा करतात. २०२३ च्या एप्रिलपासून विजेवर चालणाऱ्या ‘वॉटर मेट्रो’ची त्यात भर पडली आहे. बेटाबेटांवरच्या वस्त्यांना शहराशी जोडणे हाच तिचा मुख्य उद्देश. पर्यटक पाठीमागून आले.

बोटीने आम्ही फोर्ट कोचीला उतरलो आणि मट्टांचेरीला जाणारी बस शोधू लागलो. बसच्या पाट्या मल्याळममध्ये. मी चांगला शिकलेला माणूस. परंतु त्या पाटीसमोर मी निरक्षर होतो. साठ वर्षांच्या आयुष्यात प्रथमच मला कळले की आपल्या गावी कागद हाती धरून, “बाळा, ही कुठली गाडी रे?” असे विचारणारी म्हातारी माणसे रोज काय अनुभवीत असतील. मी एका विद्यार्थ्याला हिंदीत विचारले. त्याला हिंदी येत नव्हते. इंग्रजीत दोन शब्द बोललो. त्याने मान हलवली, आम्हांला सोबत घेऊन थांब्यापर्यंत आला, आमची गाडी येईपर्यंत उभा राहिला आणि वाहकाला त्याच्या भाषेत आमचे ठिकाण सांगून मगच गेला. वाहकाने योग्य जागी हाक मारून उतरविले. त्या दोघांपैकी कोणीही आम्ही त्यांच्या राज्यात येऊन त्यांची भाषा का बोलत नाही, असे विचारले नाही.

मट्टांचेरीत डच पॅलेस आहे, १५६८ सालचे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ते सर्वजण पाहतात. आम्ही तेथून चालत चेरळाई भागातील तिरुमल देवस्वम या मंदिराकडे गेलो. मंदिराच्या वाटेवर फुलांच्या दुकानापाशी दोन स्त्रिया बोलत होत्या आणि त्यांचे बोलणे आम्हांला समजू लागले! ती कोकणी होती. सोळाव्या शतकात गोव्याहून परागंदा झालेल्या सारस्वत कुटुंबांचे हे वंशज. साडेचारशे वर्षे मल्याळम मुलखात राहून, ती भाषा उत्तम आत्मसात करूनही, घरातली बोली त्यांनी टिकवली आहे. याच समाजातील रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या तिघा वैद्यांनी डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याला मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथासाठी साह्य केले होते. त्यांनी १६७५ साली लिहून दिलेले कोकणी भाषेतील निवेदन नागरी लिपीतच त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, १६७८ साली, ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. आपली लिपी छापखान्यात चढण्याच्या इतिहासातील हे एक फार जुने पान आहे.

गंमत अशी की आदल्या दिवसाआड आम्ही ज्या दिवाडीच्या काठावर उभे होतो, त्याच परिसरातील उलथापालथीने ही माणसे येथे आणली होती. दोन बंदरांतील दोन दिवस असे आपोआप जोडले गेले.

काही व्यवहाराच्या गोष्टी

येथे बसलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण गोव्यात, मुंबईत, काही परदेशी जहाजांवर नोकरी करतात. त्यांच्यासाठी आणि हौसेने जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो.

जहाज कोणासाठी थांबत नाही, हे प्रथम लक्षात ठेवावे. जहाजाने स्वतःच्या सहलीला नेलेली गाडी उशिरा आली तर जहाजाची जबाबदारी; आपण आपल्या मर्जीने गेलो तर जबाबदारी आपली. म्हणून हिशेब शेवटाकडून करावा. जहाजावर परतण्याच्या वेळेतून एक तास वजा करावा आणि त्या वेळी बंदराच्या फाटकात असायचेच असे ठरवावे. जाण्यास जेवढा वेळ लागला त्याच्या दीडपट वेळ येण्यास धरावा, कारण दुपारनंतर रस्ते भरतात. सर्वांत दूरचे ठिकाण आधी पाहावे आणि बंदराजवळचे शेवटी. जहाजावरचे घड्याळ आणि गावातले घड्याळ परदेशी कधी कधी वेगळे असते. ते उतरण्यापूर्वीच ताडून घ्यावे. बंदराचे नाव त्या गावच्या लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवावे. सुटे पैसे जवळ असावेत. एका टॅक्सीपुरती रक्कम वेगळी बांधून ठेवावी आणि ती अडचणीखेरीज मोडू नये.

मुंबईत उतरणाऱ्यांना तर आता हे अधिकच सोपे झाले आहे. बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरात झाले. तेथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस चालत गाठता येते. ज्या ठिकाणाहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची पहिली गाडी सुटली, त्याच परिसरात लोकल, बेस्टची बस आणि २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली भुयारी मेट्रो, तिन्ही एकत्र मिळतात. सकाळच्या गर्दीनंतर अकराच्या लोकलने दादरला जाऊन यावे. मुंबई म्हणजे काय, हे त्या एका फेरीत कळते.

आपली बस

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय निवडला त्या गोष्टीकडे येतो.

कोचीच्या त्या थांब्यावर उभा असताना मला राहून राहून बेळगावचे बसस्थानक आठवत होते. तेथे रोज किती माणसे अशी येत असतील? कोणी कोल्हापूरहून येतो, त्याला कन्नड पाटी वाचता येत नाही. कोणी सौंदत्तीच्या यात्रेहून किंवा गदगहून येते, तिला मराठी कळत नाही. कोणाचा मुलगा रुग्णालयात असतो, कोणाची तारीख न्यायालयात असते. त्यांना ही गाडी कोठे जाते एवढेच हवे असते.

१ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला राज्य परिवहनाची पहिली बस गेली, तेव्हा बेळगाव जिल्हाही त्याच मुंबई राज्यात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्ये बदलली. त्याविषयी आपल्या भावना काय आहेत हे या गावात येऊन मी सांगण्याची आवश्यकता नाही. २००४ पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि सनदशीर मार्गाने आपले म्हणणे मांडण्याचा आपला अधिकार कोणीही हिरावू शकत नाही. आपल्या भाषेत पाटी असावी, आपल्या भाषेत कागद मिळावा ही मागणी रास्त आहे. सिंगापूरसारख्या लहानशा देशात मलाय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार राजभाषा आहेत, आणि सार्वजनिक जागी त्या चारही शेजारी शेजारी दिसतात. म्हणजे पाटीवर दोन भाषा मावत नाहीत असे कोणी म्हणू नये.

परंतु २०२२ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीत, भाषेच्या आणि सीमेच्या वादातून काय घडले ते आपण पाहिले. दोन्ही बाजूंना बसगाड्यांना काळे फासले गेले, वाहक-चालकांना भीती वाटू लागली आणि दोन राज्यांमधल्या फेऱ्या काही दिवस बंद पडल्या. त्या दिवसांत ज्यांच्याकडे मोटार होती त्यांचे काही अडले नाही. अडले ते निपाणीच्या बाजाराला जाणाऱ्याचे, गडहिंग्लजला परीक्षा देणाऱ्या मुलीचे, चंदगडला माहेरी निघालेल्या लेकीचे, आणि कोल्हापूरच्या डॉक्टरकडे दर महिन्याला जाणाऱ्या म्हाताऱ्याचे. यांत मराठी बोलणारे होते आणि कन्नड बोलणारेही होते. बस ही कोणत्याही सरकारची असो, तिच्यात बसलेला माणूस बहुधा गरीबच असतो. तिच्यावर उगारलेला हात त्याच्यावरच पडतो.

२०२३ च्या जूनपासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातील स्त्रियांना साध्या बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो. त्या योजनेच्या खर्चाविषयी मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. पण आपल्या गावातील ज्या आया-बहिणी पूर्वी चार-चार महिने बेळगावचे तोंड पाहत नसत, त्या आता आठवड्याच्या बाजाराला स्वतः जातात, दवाखान्यात स्वतः जातात, हे मी या दोन दिवसांतच येथे पाहिले. गाडी दारात आली की माणसाचे जग केवढे वाढते, याचा हा पुरावा आहे. म्हणून बस वेळेवर यावी, तिच्या फेऱ्या वाढाव्यात, पाटी दोन्ही भाषांत असावी यासाठी भांडावे, अर्ज करावेत, मोर्चे काढावेत. पण ती चालू राहावी यासाठी सर्वांनी मिळून तिच्याभोवती उभे राहावे.

कोचीच्या त्या विद्यार्थ्याचे नावही मला ठाऊक नाही. त्याने आमच्यासाठी दहा मिनिटे खर्च केली आणि एका संपूर्ण राज्याविषयी माझ्या मनात आदर निर्माण केला. ते सामर्थ्य तुमच्यापैकी प्रत्येकात आहे. उद्या बेळगावच्या स्थानकावर पाटी न वाचता येणारा कोणी भेटला, तर त्याची भाषा कोणती हे न पाहता त्याला त्याच्या गाडीत बसवून द्या. मराठीची कीर्ती वाढवण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

शाळेच्या चालकांना एक नम्र सूचना करतो. दरवर्षी सहल निघते, खासगी गाडी ठरते, हे चांगलेच आहे. पण आठवीच्या वर्गाची एक सहल साध्या बसने न्यावी : बेळगुंदीहून बेळगाव, बेळगावहून खानापूर, खानापूरहून हलशी. वेळापत्रक मुलांनीच पाहावे, तिकिटे मुलांनीच काढावीत, कानडी पाट्या मुलांनीच वाचाव्यात, शेजारच्या प्रवाशाशी बोलून त्याचे गाव आणि धंदा वहीत टिपावा. हलशीचे मंदिर पाहून दिवस मावळण्यापूर्वी परतावे. पुढे त्यांच्यातील कोणी जगाच्या पाठीवर कोणत्याही बंदरात उतरला, तरी तो गोंधळणार नाही. या सहलीच्या पहिल्या वर्षीच्या तिकिटांचा खर्च आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी उचलण्याचे आजच ठरविले आहे. शाळेने त्याचा स्वीकार करावा अशी विनंती आहे.

गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून माझे भाषण पूर्ण करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!